पंधराचं पान

पारसिकच्या चढावर गाडी धापा टाकायला लागली
तेव्हा बाबा म्हणाले, कुठंही ने.
त्यांच्या अँबेसिडरला हात लावणारे
आता उरलेत तरी किती?
मी घणसोली गावठाणात नेली,
नाल्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये.
वर पाटी: मढवी मोटर्स.
कुठला मढवी ते लिहिलेलं नाही,
अर्ध्या गावाचं आडनाव तेच.

दोघे भाऊ अकरा वर्षं बोललेले नाहीत.
साडेबारा टक्क्यांत भूखंड मिळाला एक,
सह्या लागत होत्या दोन.
पुढचं मला कोणी नीट सांगितलं नाही.

काकांनी बॉनेटवर नुसता तळवा ठेवला.
"रातभर थंड होऊ दे. गरम इंजिन खोटं बोलतं."
मी रिक्षानं घरी आलो
आणि सकाळी पुन्हा गेलो.

दोन नट. टॅपेट कव्हर निघालं.
खाली काळ्या तेलात आठ रॉकर ओळीनं,
पंगतीला बसल्यासारखे,
कोणी पानावर वाकलेला, कोणी मान वर करून
वाढप्याची वाट बघणारा.
काकांनी हँडल माझ्या हातात दिलं.
"फिरव. बेरीज नऊ यायला पायजे.
आठवा पुरता दाबला, तं पयला बघायचा.
सातवा दाबला, तं दुसरा."
मी फिरवत राहिलो. खांदा भरून आला.

फिलर गेज त्यांनी पंख्यासारखा उघडला,
आकडे कधीच पुसले गेलेले,
तरी अंगठा बरोबर पंधराच्या पानावर थांबला.
लॉक नट सैल, स्क्रू अर्धा आटा,
पान फटीत घालून मागेपुढे.
"बघ. घट नको, सैल नको."
मला काही कळेना.
"खाडीवर गळ टाकलास कंदी?
जिताडा आमिष हुंगतो, गिलत नाय,
तवा दोरी बोटाला कशी लागते?
तेवढीच."
मी गळ कधी टाकला नव्हता.
आम्ही सेक्टरमध्ये राहायला गेलो तेव्हा मी चार वर्षांचा.
पण तिसऱ्या रॉकरला, काय झालं कोण जाणे,
बोटाला काहीतरी हुंगून गेलं.

चौथा दाबला. चार न् पाच नऊ.
पाचव्यात पान शिरेना.
पंधराचं नाही, दहाचं नाही, चारचंही नाही.
"कोनी आवळलाय यो?"

मी नट पुसत बसलो.
मे महिन्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये,
दुपारी कोणी नाही बघून बाबांनीच.
टिकटिक डोक्यात जाते म्हणाले होते.

"तापला का लोखंड वाढतं. त्याला जागा लागते.
जागा नाय दिली तं व्हॉल्व्ह बसत नाय जाग्यावर,
कडेनं जाळ निघत राहतो.
बोलतंय तवर जितंय.
गप झाला का समजायचं, आतल्या आत जळतोय."

एवढं बोलून काका फडकं शोधायला लागले.
फडकं त्यांच्या खांद्यावरच होतं.

मग कव्हर बसलं, नवा कॉर्क घालून.
स्टार्टर मारला.
इंजिन हललं, खाकरलं,
आणि मग टिक टिक टिक, बारीक,
पलीकडच्या खोलीत कोणी सुपारी कातरत असावं तशी.
काका डोळे मिटून उभे. एक मिनिट, दोन.
"ने."

पावती: टॅपेट सेटिंग तीनशे,
कॉर्क पॅकिंग ऐंशी. पाच रुपयेसुद्धा सोडले नाहीत.
गिऱ्हाइकाचं नाव रघुनाथ हिराजी मढवी.
मधलं नाव मी सांगितलं नव्हतं.

बाबांनी पावती चष्मा लावून वाचली,
तीन ओळींच्या मानानं फार वेळ.
रात्री जेवण झाल्यावर किल्ली घेऊन खाली गेले.
खिडकीतून मला इंजिन ऐकू येत होतं,
गाडी मात्र जागची हलली नाही.
वर आले, हात धुतले, म्हणाले,
"कॉर्क नवा घातलाय ना?
मग कडेनं तेल का गळतंय? सांग त्याला."

मी टॉर्च घेऊन उतरलो.
कव्हर चारी बाजूंनी बोट फिरवून बघितलं.
कोरडं ठणठणीत.

वर येऊन म्हणालो,
हो. गळतंय.