सिगारेटचा कागद

ओस्त्राव्हात फेब्रुवारी. इमारतीखालच्या गॅरेजात
हीटरचा लाल दिवा तेवढा गरम.
गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन बसलीय झ्देन्का,
एकाहत्तर सालच्या जावाशेजारी.

कार्बोरेटर काल स्वयंपाकघरातच उघडला.
पितळी फ्लोट कानाशी धरून हलवला,
आत थेंबभर पेट्रोल खुळखुळलं.
म्हणजे कुठंतरी केसाएवढी चीर.
गरम पाण्यात बुडवला, बुडबुडा आला तिथं डाख दिला.
बटाट्याच्या सूपला अजून वास येतोय.
बोहुमिल काही बोलला नाही,
उठून खिडकी उघडली फक्त.

आता टायमिंग.
पिस्टन पार वर, मग तीन मिलिमीटर मागे.
पॉइंटांच्या फटीत सिगारेटचा कोरा कागद,
आणि चाक इंच-इंच फिरवत तो ओढत राहायचा.
सुटेल तिथं ठिणगी.

अकरा वर्षं झाली सिगारेट सोडून.
कागदाचं पाकीट मात्र अजून विकत घेते,
दुकानातली पोरगी डोळे मिचकावते,
मिचकावू दे.

डावा सिलिंडर जुळला. उजवा अडून बसलाय.
पुन्हा. बोटं बधिर. पुन्हा.
कागद सुटला, इतका अलगद
की तिला वाटलं, फाटलाच.

किक. काही नाही.
किक.
तिसऱ्या किकला निळा धूर
आणि दुसऱ्या मजल्यावरचं कुत्रं.
आधी डाव्याचा ठोका, मग उजव्याचा,
मग कुठला कुणाचा, कळेना.

बाहेर बर्फ आहे. ती गाडी बंद करते,
हात पुसते, पाकीट खिशात टाकते.
उद्या प्लगचा रंग बघू.