चौथा पर्याय

बरोबर उत्तर लिहायला अक्कल लागत नाही.
ते असतंच, पुस्तकात, कुठल्या तरी पानावर.
मला पगार मिळतो तो उरलेल्या तिघांचा:
चुकीचे, पण चेहऱ्याने सभ्य,
दारात उभे राहिले तर मूल आत घेईल असे.
आमच्या भाषेत त्यांना विचलक म्हणतात.

बेलापूरला सातव्या मजल्यावर, गारठलेल्या खोलीत
आम्ही अकरा शिक्षक, प्रतिनियुक्तीवर,
देशभरातल्या तिसरीच्या मुलांनी
एकाच सकाळी कुठे कुठे चुकावं
हे ठरवत बसलेलो.
खिडकीतून पारसिकचा डोंगर, एका अंगाने खाणीने खाल्लेला,
आणि खाली सेक्टर, सेक्टर, सेक्टर.
हे शहरसुद्धा कुणीतरी
गोल रंगवायच्या कागदावरच आखलं असणार.

माझा प्रश्न एकोणिसावा.
एका गोणीत पन्नास किलो कांदे आहेत.
पाच-पाच किलोच्या किती पिशव्या भरतील?
अ, दहा.
ब, पंचेचाळीस, वजाबाकी करणाऱ्यांसाठी.
क, पंचावन्न, दिसेल ते मिळवून टाकणाऱ्यांसाठी.
माझा धाकटा भाऊ असाच होता,
बेरजेवर त्याचा फार जीव.
ड सुचेना.
चहा आला, बिस्किटं आली, चहा निवला.
मी नऊ लिहिलं, जागा भरायला.
नऊ कोण निवडणार?

पहिली चाचपणी तुर्भ्यात,
बाजार समितीच्या पाठीमागच्या शाळेत.
भिंतीवर पाढे, वर्गात लसणाचा वास.
एक्केचाळीस मुलं.
त्यातल्या तेवीस जणांनी नऊचा गोल काळा केला,
रेषेबाहेर न जाता, अगदी नीट.
संगणकाने माझ्या प्रश्नापुढे वजा चिन्ह छापलं.
म्हणजे हुशार मुलं इथे चुकतात
आणि ज्यांना काही येत नाही ती बरोबर येतात.
म्हणजे प्रश्न आजारी आहे.

परत गेले. मधल्या सुट्टीत
ईश्वरी ढेबेला विचारलं, नऊ कसे गं?
तिने असं पाहिलं, जणू
मी जन्मात कांदा घेतला नसावा.
"गोणीत पन्नास कधीच नसतात, बाई.
वर लिहिलेलं असतं पन्नास.
ओले निघतात, मोडाचे निघतात.
पप्पा ओततात ना, तेव्हा मी निवडायला असते.
नऊ पिशव्या होतात. मग थोडे उरतात."
उरलेल्यांचं काय?
"ते आमचे."

समितीत मी हे सांगितलं.
कुणी हसलं, कुणी वहीत टिपून घेतलं.
नेरूरकर सर, संख्याशास्त्रवाले, माणूस चांगला,
म्हणाले, पटतंय हो,
पण कोहिमाच्या मुलाला काय सांगणार?
त्याच्या गोणीत पन्नासच हवेत.
खरं होतं त्यांचं,
आणि तेच रात्री जास्त खुपलं.
सगळ्यांना एका मापाने मोजायचं
तर न सडणारं काहीतरी लागतं.
कांद्यांच्या जागी पेन्सिली आल्या.
पन्नास पेन्सिली, पाच-पाचचे गठ्ठे.
यावर कुणाचीच हरकत नव्हती.

जुन्या प्रश्नाची नोंद मात्र ठेवावी लागते.
एक तक्ता असतो. डावीकडे पर्याय,
उजवीकडे, मूल हा का निवडेल.
ब आणि क पुढे लिहिलं, क्रियेची गल्लत.
ड पुढे मी पूर्वीच लिहून ठेवलं होतं, अंदाजपंचे.
ते खोडलं.
बराच वेळ पेन हातात धरून बसले.
मग लिहिलं,
गोणी उघडून पाहिलेली आहे.

सोमवारी तक्ता परत आला.
माझी ओळ कापलेली, वर लाल शाईत,
सुवाच्य, वळणदार अक्षरात,
निष्काळजीपणा.
खाली कुणाची तरी सही, तारीख,
आणि शेजारी, मान्य आहे म्हणून,
माझ्या सहीसाठी
एक रिकामा चौकोन.