उजवी बाजू

इल्मार्स गेल्यानंतरच्या तिसऱ्या मार्चात
स्काय्ड्रितेने शेडची किल्ली माझ्या हातावर ठेवली.
"द्निप्र आहे, साइडकारसकट. चालू कर, नाहीतर घेऊन जा."
कुल्डीगात छपरांच्या कडांवरून अजून बर्फ ठिबकत होता,
व्हेंटा नदी गढूळ, फुगलेली,
आणि शेडमध्ये शिळ्या पेट्रोलला
जुन्या वार्निशाचा वास.

दोन सिलिंडर, दोन दिशांना तोंडं करून,
वाटणीवरून रुसलेले भाऊ.
प्रत्येकाला आपापला कार्ब्युरेटर.
डावा उघडला : फ्लोटच्या वाटीत हिरवट साका,
जेट मात्र धड.
उजवा उघडला : तोच साका,
जेटवर ठोकलेला आकडाही तोच.
धुतले, फुंकले, परत बसवले.

मागचं चाक ओंडक्यावर चढवलं, चौथा गिअर,
मग एका प्लगची वायर काढून इंजिनाला टेकवली
आणि दुसऱ्या बाजूला एकटीला धावायला लावलं.
डावी एकटी : काटा चाळीसवर, निवांत.
उजवी एकटी : बत्तीस, खोकला, अठ्ठावीस,
मग नको तो विषय निघाल्यावर
माणूस उठून जातो, तशी बंद.

पाव फेरा आत. अर्धा बाहेर.
केबल सैल, केबल ताठ.
दोन दिवस मी स्क्रू पिळत राहिलो,
घोडं पेंड खात होतं भलतीकडेच.
डावा प्लग भाजलेल्या पावाच्या रंगाचा,
उजवा, कंदिलाची न पुसलेली काच.

शेवटी उजवा जेट खिडकीपाशी धरला.
छिद्र गोल नव्हतं.
कुणीतरी हाताने, सुईने,
हळूहळू रुंदावलं होतं,
या हाताचं त्या हाताला कळू न देता.

नवा जेट घातला. उजवी आणखी रुसली.
मग हेड उतरवलं,
आणि खाली एकाच्या जागी दोन गॅस्केटं!
हेडवर कानशीचे ओरखडे, एका कडेला जास्त खोल.
तेव्हा उलगडलं :
तळं गोठलं की शर्यती व्हायच्या म्हणे बर्फावर,
आणि पोराला वेग हवा होता.
डावं हेड नीट घासलं गेलं,
उजव्यावर हात घसरला.
ते झाकायला जास्तीचं गॅस्केट,
त्याने दम गेला,
दमासाठी जेट मोठा.
आणि या तीन चुका मिळून
बटाट्याची पोती, ताप आलेल्या लेकी,
एकदा तर कुणाच्या तरी पियानोचं झाकण,
सगळं चाळीस वर्षं ओढत राहिल्या.

मी बराच वेळ ते पातळ गॅस्केट हातात घेऊन बसलो.
मेलेल्या माणसाचं वाक्य
आपण मधेच दुरुस्त करतोय, असं वाटत होतं.
मग काचेवर पॉलिशपेपर ताणला
आणि हेड आठच्या आकड्यात फिरवू लागलो.
दुपारपर्यंत खांदा भरून आला.

एक गॅस्केट. खरा जेट. पाव फेरा.
डावी चाळीस.
उजवी एकोणचाळीस, केबल जराशी, चाळीस.
दोन्ही वायरी लावल्या.
दोन आवाज एकमेकांत मुरले,
बाकावरची पान्ह्यांची खुळखुळ थांबली.

स्काय्ड्रिते ओले हात पुसत दारात आली.
मी सांत्वनाचे शब्द जुळवून ठेवले होते :
त्यांचा तो आवाज आता नाही, माफ करा, वगैरे.
ती साइडकारला वळसा घालून
उजव्या सिलिंडरपाशी उभी राहिली,
रुमाल कानावरून मागे सारला.

"सुटले एकदाची," ती म्हणाली.
"जन्मभर मी या बाजूला बसले.
जन्मभर सांगत होते, इकडे काहीतरी घरघरतंय.
तो म्हणायचा, टोपी घट्ट आहे तुझी."

मी तळहातावरचा जुना जेट पुढे केला.
तिने डोळ्याशी नेला, आरपार पाहिलं.
"हं. रजई शिवायची सुई," ती म्हणाली,
"मी बिचाऱ्या शेजारणीवर आळ घेतला होता."

जेट बटणांच्या डब्यात पडला,
पितळेचा, बटणांतलाच एक.
ती टोपी घालून आली.
"टाकी भरली आहेस ना?"