पाहणाराही थोडं खातो

केमचीला, चिलोए बेटावर, जेटीमागे माझं दुकान.
आधी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचो,
आता बटण दाबूनही ज्याचं काही होत नाही
ते सगळं.

जुलैतल्या एका ओल्या, गारठलेल्या दुपारी
एदुविहिस बार्रिया आली,
शिंपल्यांच्या पोत्यांचा हिशेब लिहिणारी बाई.
काखेत लॅपटॉप, वरून लोकरीची शाल,
आजारी कोंबडी आणावी तसा.
"लिसांद्रोचा," म्हणाली. "तो गेल्यापासून बंद आहे.
मला फक्त पोत्यांचा हिशेब करायचाय यावर."

जुनी सिस्टीम त्याला पेलवत नव्हती.
माझ्या खिशात पेनड्राइव्ह, त्यात हलकं लिनक्स,
इतकं हलकं की अंगावर दागिना नाही,
घड्याळसुद्धा मागितल्याशिवाय येत नाही.
चाळीस सेकंदांत उभं राहिलं.
पण आत काय आहे ते सांगेना. झाकली मूठ.
इंजिन असतं तर कान लावला असता,
तेलात बोट बुडवून नाकाशी नेलं असतं.
इथे विचारणारासुद्धा
बाहेरून आणून आत बसवावा लागतो.

पहिला प्रोग्राम देखणा. चित्रं, रंगीत तबकड्या.
त्याला हवे होते एकशे चाळीस मेगाबाइट
आणि सोबत बत्तीस पाहुणे,
वरातीत असतात तसे: ह्याचा मामा,
मामाची लायब्ररी, लायब्ररीचा फॉन्ट.
आमचं इंटरनेट खाडीपलीकडून येतं, पावसात भिजतं.
नाही म्हणालो.
दुसरा नुसत्या अक्षरांचा. तीन मेगाबाइट.
तो उतरेपर्यंत येर्बा मातेचा पेला
दोनदा भरून झाला.

मग काळ्या पडद्यावर ओळी:
प्रोसेसर, एक कोअर. मेमरी, पाचशे बारा.
बॅटरी, मूळ ताकदीच्या नऊ टक्के.
तापमान सदुसष्ट.
पंखा: सापडला नाही
(घरघर तर दोघांनाही ऐकू येत होती).
कॅमेरा आहे, ड्रायव्हर नाही.
आणि त्याच यादीत, खालून तिसरा,
तो स्वतः: सहा मेगाबाइट.
पाहणाराही थोडं खातो.
एदुविहिसला हे पटलं.
"फुकट राखण कोण करतं?"

डिस्कसाठी वेगळं अवजार, वेगळा पासवर्ड.
चालू झाली: एक हजार चारशे त्रेसष्ट वेळा.
चाललेले तास: अकरा हजार सहाशे ऐंशी.

मी पुढे गेलो. ती थांबली.
"तास?"
तास.
"हवामान बघायला घेतला होता. रोज पाच मिनिटं."
पिशवीतून पेन्सिल काढली,
मासळीच्या कागदावर भागाकार मांडला,
ओठ न हलवता.
दर खेपेला जवळजवळ आठ.
चार वर्षं. रोजची रात्र.

"खोकला चार वर्षं होता त्याला," म्हणाली.
बाहेर बोटीचा भोंगा झाला.
"सकाळी विचारलं की म्हणायचा, छान झोप लागली.
मला वाटायचं, लवकर उठतो.
रात्री चूल विझलेली असते रे स्वयंपाकघरात."
मग, बऱ्याच वेळाने:
"म्हणजे विजेचं बिल तिकडे जात होतं."

मी विचारलं, पडद्याच्या कोपऱ्यात काय काय दिसत ठेवू?
"तापमान हाताला कळतं. पंखा कानाला.
नऊ टक्के तर माझेही असतील.
तासांची ओळ ठेव."

त्यासाठी चार ओळी लिहाव्या लागल्या,
डिस्कला सारखं विचारत राहणाऱ्या,
उत्तर कोपऱ्यात टांगणाऱ्या.
एकदा चुकलं, दोनदा चुकलं, मग लागलं.
तिने पैसे मोजले, वर बटाट्यांची एक पिशवी.
शाल गुंडाळायला घेतली आणि म्हणाली,
"बंद न करता नेता येईल?"
नऊ टक्क्यांत? जेटीपर्यंतसुद्धा नाही.

मग ती बसली. मी पेला भरला.
पावसाने खिडकी दिसेनाशी झाली होती
तेव्हा कधीतरी कोपऱ्यात आकडा हलला:
अकरा हजार सहाशे एक्क्याऐंशी.
तिने तो मासळीच्या कागदावर,
भागाकाराखाली, एक रेघ मारून
वेगळा लिहून घेतला.