कसोटीचा दगड

गुजरीतल्या नरहरअण्णांचा हात
रिकामा असला की थरथरतो.
चिमटा दिला, साजाचं पान दिलं
की घटकाभर गप्प.
गिऱ्हाईक म्हणतं, वय झालं.
शेजारी म्हणतो, कुणाची तरी नजर.

सीपीआरच्या ओपीडीत डॉक्टरीणबाईंनी
केसपेपरच्या पाठीवर मेंदू काढला,
खाली एक ठिपका गिरवला:
इथल्या पेशी काळ्या असतात, अण्णा.
त्या आहेत तोवर हात तुमचा.
तुमच्या निम्म्याहून जास्त गेल्यात.

अण्णा ठिपक्याकडं बघत राहिले.
रिक्षात म्हणाले, कुंदे,
आठ वर्षं झाली, तेजाबाचा वास येईना,
मला वाटलं तेजाबच भेसळीचं.
वहीतलं अक्षर मुंगीएवढं होत गेलं,
तू म्हणालीस, कागद वाचवताय.

आता गोळी, चार चार तासांनी.
दुपारच्या गोळीनंतर तासभर
कासवाचं पान घडवतात.
तेवढा वेळ मी दार अर्धं ओढून घेते.

आज कसोटीचा दगड मागितला.
घासायला सोनं नव्हतं.
नुसताच तळहातावर ठेवला,
काळाभोर, थंड,
आणि हात
त्याच्यासकट हलत राहिला.