दुसरा आवाज

पणजीच्या ऑफिसात सकाळीच मेल:
'जरा नॉस्टॅल्जिक हवं. नव्वद सेकंद. लूप.'
पाठवणारा तेवीस वर्षांचा.
त्याने कॅसेट काढून, फुंकून,
पुन्हा बसवलेली नाही कधी.

मी हेडफोन चढवते.
दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी,
ढोलाच्या जागी नुसता खरखराट.
एवढ्यात सगळं बसवायचं:
जंगल, पाणी, किल्ला, मरण,
आणि परत पहिल्यापासून.

कुडचडेला आमच्या खोलीत
स्टॅबिलायझरवर ठेवलेल्या त्या पांढऱ्या डब्यात तरी
याहून जास्त काय होतं?
खनिजाचे ट्रक गेले की पडदा थरथरायचा.
काचेवर लाल धूळ बसायची
आणि उगम त्या धुळीत बोटाने स्कोअर लिहून ठेवायचा,
कारण वीज गेली की डबा सगळं विसरत असे.

पाण्याची लेव्हल तीन मात्रांवर डुलायची.
पूर्ण कॉर्ड धरायला त्या चिपकडे आवाजच नव्हते,
म्हणून ती एकेक सूर सुटा करून ओतायची,
नोट नसलेल्याने चिल्लर मोजावी तशी,
पण इतकी भरभर
की कानाला नोटच मिळाल्यासारखी वाटे.

एकदा इनासियोला न्यायला
त्याचे बाबा आले, मेस्त्र बेर्नाबे.
काखेत व्हायोलिनची पेटी, उंबऱ्यावर एक पाय.
रागावतील म्हणून आम्ही आवाज कमी करायला गेलो,
तर हाताने 'राहू दे' म्हणाले.
"आयक गो. हांगा 'ला' अर्दें पावल सकयल देंवता."
मग थोडं थांबून,
"मरणाक वाजयतात हें."

आम्हाला काय त्याचं.
उगमने उडी मारली.

गेल्या वर्षी मला ती चाल सापडली.
कुणीतरी स्वच्छ उतरवून घेतलेली,
एक सूर इकडचा तिकडे नाही.
तो 'ला'सुद्धा उतरला अर्धं पाऊल, अगदी वेळेवर.
आणि मी कोरडीच बसून राहिले,
ओळखीच्या घराचा नकाशा बघावा तशी.

रात्री भांडी घासताना लक्षात आलं.
उडीच्या 'टुंईंग'ला त्या डब्यात वेगळी जागा नव्हती.
ती दुसऱ्या आवाजाची जागा उसनी घ्यायची.
उगम उडला की दुसरा आवाज गप्प,
उगम खाली आला की परत हजर,
मधलं जे गेलं ते गेलंच.
म्हणजे मला पाठ होती ती चाल
माझ्या भावाच्या अंगठ्याने भोकं पाडलेली.

तर मी तशी लिहिली.
त्रिकोणी लहरीचा खर्ज, वर एक चौकोनी,
चौथ्या कॉर्डवर मेस्त्रांचा 'ला' खाली आणला,
आणि दुसरा आवाज मध्ये मध्ये कापला,
जिथे खड्डे होते, आठवून आठवून.
सातव्या मापात लांब कापला.
तिथे तो नेहमी उशिरा उडायचा.

उत्तर आलं: 'सुंदर! काहीतरी आठवतंय, काय ते कळत नाही.
पण फाइल बिघडलीय बहुतेक. आवाज मध्येच जातोय.'

बुजवली सगळी भोकं. पाठवली. पैसे आले.

बिघडलेली उगमला पाठवली.
तो तेलाच्या जहाजावर आहे, इंजिनरूममध्ये,
नेट असलं तर असतं.
चार दिवसांनी दोन निळ्या खुणा,
पाचव्या दिवशी एक ओळ:

'तिसऱ्या खड्ड्याशी तू ओरडायचीस.
ते घातलं नाहीस.'