भरली की सुटेल

बेचाळीस जीबी उतरायला अख्खी रात्र गेली.
राउटर खिडकीत, खाली ताटली, ताटलीत पाणी, तापू नये म्हणून.
आई म्हणाली, आजारी आहे का रे तो डबा?

तीन वर्षं थांबलो होतो.
मूळ खेळात, अगदी शेवटी,
ड्रॅगन मेल्यावर, राज्य वाचल्यावर, हारतुरे आटोपल्यावर
धुक्यात नदीकाठी एक नावाडी भेटायचा.
एक डोळा पांढरा.
वल्ह्याला बांधलेला तान्ह्या बाळाचा वाळा.
इंग्रजीत त्याचं काहीतरी लांबलचक नाव होतं,
आम्ही त्याला तांडेल म्हणायचो.
तो म्हणायचा, ‘बाकीचं पलीकडे गेल्यावर.’
आणि लगेच नावं वर सरकायला लागायची,
चित्रकार, वादक, कुणाकुणाची मांजरं.

त्या एका वाक्यावर आम्ही तीन वर्षं काढली,
माथारपाखाडीत, जोएलच्या लाकडी जिन्यावर.
तौफिक मुकादमचं ठाम मत : वाळा राणीच्या पोराचा.
मी म्हणायचो, वाळा आपलाच,
नायकाला बालपण का नाही, कधी विचार केलायस?
जोएल म्हणायचा, पलीकडे काहीच नाही,
तांडेलला ते माहितेय,
म्हणून तो कुणाला नेत नाही.
बेकरीच्या हिशेबाची वही उलटी धरून
पावाच्या लाद्यांच्या मागच्या बाजूला
त्याने नकाशे काढले होते, बाणावर बाण.

मी भाऊच्या धक्क्यावर तिकीटखिडकीत बसतो.
मोरा. रेवस.
दिवसभर पलीकडचा तीर
गुलाबी कागदावर फाडून देतो.
कधी सुटेल?
भरली की सुटेल.
लोक कुरकुरतात, पण शिव्या देत नाहीत,
कारण लाँच शेवटी सुटते
आणि पलीकडे खरोखरच मोरा असतं.
सुकटीचा वास, रिक्षा, पाणचट चहा.
सांगितलेलं तेवढं.

चौदाशे नव्याण्णव. तिघांचे पाचशे-पाचशे,
वर एक रुपया उरला.
तौफिक रात्रपाळी बुडवून आला.
बटण दाबलं. होडी हलली.
कुणी श्वास घेतला नाही, शेंगदाणे तसेच मुठीत.

पलीकडे एक बेट होतं.
बेटावर अकरा तळघरं, एकाच साच्यातली,
डावीकडची विझत आलेली मशालसुद्धा तीच.
घोड्याला जांभळं चिलखत.
एकवीस टोप्या.
एक भला थोरला खेकडा,
त्याला मारला की आतून लहान खेकडे.

आणि तांडेल?
तांडेल काठावर टपरी टाकून बाण विकत होता.
वल्हं नव्हतं.
वाळ्याचं विचारायची सोयच नव्हती.
सतरा वेळा बोललो त्याच्याशी.
सतरा वेळा म्हणाला, ‘हवा छान आहे.’
जोएल म्हणाला, रात्री विचार.
रात्री विचारलं.
टोपी काढून विचार.
टोपी काढून विचारलं.
हवा छान आहे.

पैशाचं काही नाही.
म्हणजे पैशाचंही आहे,
पण तौफिक जे म्हणाला ते जास्त लागलं :
कुणीतरी बसून तो वाळा काढला असेल ना रे?
तीन घुंगरं, एक चेपलेलं.
त्याला माहीत होतं.
त्याला घरी पाठवला असणार.

मग कुणी काही बोललं नाही.
जोएल वही न घेताच गेला.

मी ते बेट पुसून टाकलं,
बेचाळीस जीबी दोन मिनिटांत जातात.
जुनी नोंद उघडली, नदीकाठची.
धुकं. वल्हं. पांढरा डोळा.
मी काहीच दाबलं नाही,
तोही काही बोलला नाही,
बरं वाटलं.

पावणेतीनला फोन वाजला. जोएल.
झोपलास?
नाही.
अरे, वाळे दोन असतात.
दुसरा कुठाय?

मी उठून दिवा लावला,
वही शोधायला.